हातांनी शिकायच्या तीन विद्या

बारावीचा निकाल लागला की घरोघरी जो खल सुरू होतो त्यात वैद्यक, अभियांत्रिकी आणि वाणिज्य यांची नावे ठरलेलीच असतात. परंतु अलीकडे त्यांच्या जोडीला दृश्यकला, विमानोड्डाण आणि सांकेतिक भाषा अशीही नावे निघू लागली आहेत, आणि ती निघताच पालकांच्या मनात कुतूहलाबरोबर जी धास्ती उभी राहते ती अस्थानी म्हणता येत नाही. या तिन्ही विद्या विद्यापीठात जन्मलेल्या नव्हेत. एक कारागिरांच्या हुन्नरातून आली, दुसरी धावपट्टीवरून आणि तिसरी बधिर माणसांच्या आपसांतील व्यवहारातून. विद्यापीठाने त्यांना मागाहून आसन दिले, तरी त्यांची खरी परीक्षा लेखी उत्तरपत्रिकेबाहेरच राहिली. ती परीक्षा कोठे होते आणि कोण घेतो याची चौकशी न करता केवळ पदवीच्या नावावर प्रवेश घेणाऱ्याची निराशा होण्याचा संभव फार.

दृश्यकलेची वाट महाराष्ट्राला त्यातल्या त्यात परिचित आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाविद्यालय निघाले, तेव्हा देशी कारागिरीला उत्तेजन द्यावे असा त्यामागे हेतू होता. पुढे त्याच विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्यास नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्यांपैकी पुष्कळशा लंडनमध्ये आगीत भस्मसात झाल्या, ही हळहळ आजही कमी होत नाही. परंतु पेस्तनजी बोमनजींसारखा चित्रकार त्या कामात तयार झाला, आणि अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर वर्षानुवर्षे बसून मिळणारी ती तालीम कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळाली नसती. आजच्या चार वर्षांच्या बी.एफ.ए.लाही हाच न्याय लागू आहे. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या मुलामुलींना वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र हे शब्द ओळखीचे असतात, आणि प्रवेशपरीक्षेतही त्यांचीच कसोटी लागते. मात्र चित्रकार म्हणून जगण्यासाठी सरकारी परवाना लागत नाही आणि कोणतीही पदवी कोणाला चित्रकार ठरवीत नाही. ज्याला शाळेत चित्रकला शिकवावयाची आहे त्याने ए.टी.डी.सारख्या अध्यापनाच्या पदविकेचा विचार आरंभीच करावा.

विमानोड्डाणाची गोष्ट याच्या नेमकी उलट, कारण तेथे सर्व काही परवान्यावर अवलंबून असते. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तेव्हापासून आजतागायत ही विद्या तासांनी मोजली जाते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालय २०० तासांचे उड्डाण मागते, त्यांपैकी १०० तास विमानाची सर्वस्वी जबाबदारी उमेदवाराच्याच शिरावर असावी लागते, आणि एक लांबचा प्रवास किमान ३०० नॉटिकल मैलांचा करावा लागतो. दिशानिर्धारण, हवामानशास्त्र, उड्डाणाचे नियम यांच्या लेखी परीक्षा असतात, डोळ्यांची, कानांची व हृदयाची कसून वैद्यकीय तपासणी असते, आणि बारावीला भौतिकशास्त्र व गणित घेतलेले असावे लागते. ‘बी.एस्सी. एव्हिएशन’ ही विद्यापीठाची पदवी आणि हा परवाना या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पदवी पदरात पडूनही लॉगबुकातले तास अपुरे असतील तर विमानकंपनीच्या दारी तिची मातबरी नाही. हे तास महाग असतात, कित्येक लाखांचे असतात. म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावरील विमानाच्या छायाचित्रापेक्षा तिच्याजवळ चालू स्थितीतली विमाने किती व प्रशिक्षक किती, हे आधी विचारावे, आणि वैद्यकीय तपासणी शुल्क भरण्यापूर्वीच करून घ्यावी.

आता तिसरी विद्या. तिच्याविषयी समाजात इतके गैरसमज आहेत की तिच्यासाठी थोडे सावकाश थांबणे अगत्याचे वाटते. भारतीय सांकेतिक भाषा म्हणजे हिंदीचे किंवा मराठीचे हातवाऱ्यांत केलेले रूपांतर नव्हे. तिला स्वतःचे व्याकरण आहे. ‘तू कोठे राहतोस’ असे आपण विचारतो, त्या भाषेत प्रश्नवाचक खूण शेवटी येते; होय-नाहीच्या उत्तराचा प्रश्न उंचावलेल्या भुवयांनी होतो; समोरच्या अवकाशात एकेका व्यक्तीची जागा ठरवून क्रियापदाची खूण एकीकडून दुसरीकडे नेली की कोणी कोणाला दिले हे निराळ्या शब्दाशिवाय कळते. अशा भाषांना हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशी घटकबद्ध रचना असते, हे विल्यम स्टोको या अमेरिकी विद्वानाने १९६० साली दाखवून दिले. तत्पूर्वी १८८० साली मिलान येथे भरलेल्या परिषदेने बधिर मुलांना केवळ मौखिक पद्धतीने शिकवावे असा ठराव केला होता, आणि त्याची छाया आपल्याकडील शाळांवरही दीर्घकाळ राहिली. वर्गात ओठ वाचण्याची सक्ती आणि वसतिगृहात, मैदानावर मात्र हातांनी मनमोकळे बोलणे, अशा दुहेरी जीवनात बधिर मुलांच्या पिढ्या वाढल्या. ही भाषा टिकली ती त्या मुलांनीच टिकविली म्हणून.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनवरील अली यावर जंग संस्थेत या शतकाच्या आरंभी या भाषेचे वर्ग सुरू झाले. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने २००९ च्या सुमारास खास बधिर विद्यार्थ्यांसाठी उपयोजित सांकेतिक भाषाभ्यासाची पदवी काढली होती. ती काही वर्षांतच बंद पडली, हे मला शिक्षणाच्या कारभारातले मोठे नुकसान वाटते. २०१५ साली दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि २०२१ पर्यंत त्याचा शब्दकोश १०,००० शब्दांपर्यंत पोहोचला. दुभाषा होऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांची पदविका आहे, आणि ही भाषा शिकविण्याची पदविका बधिर उमेदवारांसाठी आहे.

ही दुसरी पदविका मला अधिक मोलाची वाटते. या विद्येचे अधिकारी शिक्षक ते, ज्यांची ती रोजच्या जगण्याची भाषा आहे. आणि नेमके तेच, पूर्वीच्या शाळांनी त्यांना पदवीपर्यंत पोहोचू न दिल्यामुळे, महाविद्यालयीन नेमणुकीच्या नियमांत बसत नाहीत. ऐकू येणाऱ्या शिक्षकाकडून पुस्तकावरून शिकलेला विद्यार्थी खुणा बरोबर करतो, परंतु बधिर माणसांच्या मेळाव्यात त्याला दोन वाक्येही धरता येत नाहीत. म्हणून या अभ्यासक्रमास प्रवेश घेणाऱ्याने शिक्षकांत बधिर किती आणि वर्गाबाहेर बधिर समाजात वावरण्याची सोय काय, हे विचारावे. आणि विद्यापीठांनी अर्हतेच्या अटींत अशा शिक्षकांसाठी स्वतंत्र तरतूद करावी.

असे शिक्षक लाभले तर दुभाषेही कसलेले तयार होतील, आणि त्याचा लाभ दृश्यकलेलाही होईल. बधिर मुलांना चित्रकलेकडे वळविण्याचा प्रघात जुना आहे. पण आरेखनाच्या वर्गात बरोबरीने काम करणारा विद्यार्थी कलेतिहासाच्या व्याख्यानाला दुभाष्यावाचून बसला, तर त्याच्या हाती वहीतली उसनी टिपणे तेवढी येतात. तेथे दुभाषा उभा राहिला की यथार्थदर्शन, छायाप्रकाश, भित्तिचित्र यांसारख्या संज्ञांसाठी कोणती खूण योजावी, याची चर्चा तो आणि विद्यार्थी मिळून करू लागतात.