विलेपनाचा हिशेब

पर्युषणाच्या दिवसांत घाटकोपरची हिंगवाला लेन, मुलुंडचा झवेर रोड किंवा बोरिवलीची जांभळी गल्ली येथील जैन घरांत स्वयंपाकघरातील विवेक अधिकच सूक्ष्म होतो. हिरवी भाजी वर्ज्य होते, पाणी उकळून घेतले जाते, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपले जाते. कांदा-बटाटा तर अनेक घरांत वर्षभर उंबऱ्याबाहेरच असतो. बिस्किटाच्या पुड्यावरील घटकांची यादी शाळकरी मूलही वाचून दाखवते. परंतु त्याच घराच्या स्नानगृहात आणि आरशाखालच्या कप्प्यात बाटल्या, ट्यूब आणि डब्या दाटीने उभ्या असतात. त्यांच्यावरील यादी सहसा कोणी वाचत नाही. पोटात जाणाऱ्या वस्तूची चौकशी होते. ओठांवर, केसांवर आणि त्वचेवर लागणारी वस्तू मात्र चौकशीवाचून घरात येते.

जैन परंपरेने या कप्प्याकडे दुर्लक्ष केलेले नाही. उपासकदशांग या आगमग्रंथात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिला वाणिज्यग्रामचा आनंद. त्याची संपत्ती १२ कोटी सुवर्णमुद्रांची सांगितली आहे : चार कोटी निधी म्हणून सुरक्षित, चार कोटी व्याज-व्यवहारात आणि चार कोटी घरसंसाराच्या साधनांत. इतका धनाढ्य गृहस्थ उपभोग-परिभोगाचे परिमाण ठरवतो, तेव्हा आपली प्रसाधनेही एकेक करून मोजतो. दातवणासाठी ओले ज्येष्ठमध, केसांसाठी आवळा, मर्दनासाठी शतपाक आणि सहस्रपाक तेल, उटण्यासाठी सुगंधी पीठ, स्नानासाठी पाण्याचे आठ घडे, विलेपनासाठी अगरू, केशर आणि चंदन. याखेरीज अन्य सर्वांचा त्याग.

आनंदाने येथे शृंगार सोडलेला नाही, त्याला मर्यादा घातली आहे. त्याची यादी साधी आहे, नेमकी आहे आणि मोजता येण्याजोगी आहे. श्वेतांबर परंपरेत श्रावकाने रोज धारण करावयाच्या चौदा नियमांतही ‘विलेपन’ आणि ‘स्नान’ यांना स्वतंत्र स्थान आहे. सकाळी नियम धारताना अनेकजण द्रव्यांची आणि विगयींची संख्या काटेकोरपणे ठरवतात; विलेपनाचा नियम मात्र सवयीने उच्चारला जातो. आज किती वस्तू अंगाला लावावयाच्या, हा प्रश्न खरोखर विचारला तर साधेपणाची सुरुवात तेथेच होते.

आधी साठा, मग खरेदी

व्यापारी कुटुंबाला हे काम अवघड जाऊ नये. दिवाळीला दुकानातील माल मोजला जातो, पडून राहिलेला माल वेगळा काढला जातो. तीच रीत कप्प्याला लावावी. सर्व वस्तू एका कागदावर लिहाव्यात. ज्यांची वापराची मुदत संपली आहे त्या बाजूला काढाव्यात. एकाच कामाच्या तीन वस्तू असतील तर एक वापरून संपवावी आणि ती संपेपर्यंत दुसरी उघडू नये. जुने सारे फेकून देऊन ‘नैसर्गिक’ नावाचा नवा साठा भरणे म्हणजे साधेपणा नव्हे. तो परिग्रहाचाच दुसरा प्रकार होय. पुरुषांनीही या मोजणीतून सुटू नये. दाढीनंतरचे सुगंधी द्रव्य, केसांचा कलप, डुकराच्या किंवा बिज्जूच्या केसांचा दाढीचा ब्रश, हे सारे त्याच कप्प्यात असते.

नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे

येथे एक मोठा गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की मन निश्चिंत होते. परंतु लिपस्टिकमधील कारमाइन हा लाल रंग पूर्णपणे नैसर्गिक आहे. तो निवडुंगावर जगणाऱ्या कोचिनील नावाच्या कीटकांना मारून, वाळवून काढतात. एक पौंड रंगासाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यादीत तो ‘सीआय ७५४७०’ या क्रमांकानेही लिहिलेला असतो. शेलॅक ही लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख. केसांचा स्प्रे आणि काही नखरंग यांत ती असते. लाक्षावाणिज्य हे श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांपैकी एक आहे, याचे स्मरण व्यापाऱ्यास असावे. मोत्यासारखी चमक देणारे ग्वानिन माशांच्या खवल्यांतून येते. लॅनोलिन ही मेंढीच्या लोकरीवरील चरबी. केराटिन खूर, पिसे आणि लोकर यांपासून, तर कोलॅजन गुरे किंवा मासे यांपासून मिळवितात. मध तर महाविगयींत गणला जातो. तो ताटात वर्ज्य आणि मुखलेपात मात्र चालतो, अशी विसंगती अनेक घरांत दिसते.

उलट लोहाच्या संयुगांपासून कारखान्यात बनविलेला लाल-तपकिरी रंग ‘रासायनिक’ असूनही कोणा जीवावर आघात करून मिळवलेला नसतो. म्हणून शब्दापेक्षा घटक वाचावा. साबणाच्या यादीत ‘सोडियम टॅलोएट’ असेल तर तो प्राण्यांच्या चरबीचा. ‘सोडियम पामेट’ पामतेलाचा आणि ‘सोडियम कोकोएट’ खोबरेलाचा. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड दोन्ही प्रकारचे असू शकतात. तेथे उत्पादकाला विचारणे हाच मार्ग. भारतातील नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. त्यामुळे पहिले चार-पाच शब्द वाचले तरी वस्तूचे स्वरूप कळते. रंग मात्र अल्प प्रमाणात असतात, त्यासाठी यादीच्या शेवटाकडे पाहावे. हिरवा ठिपका काही प्रसाधनांवर दिसतो; परंतु अन्नाप्रमाणे तो प्रत्येक वस्तूवर आढळेलच असे नाही.

विक्रोळी आणि पुणे

ग्राहकाने विचारले तर बाजार बदलतो, याचा दाखला उपनगरांच्या अंगणातच आहे. घाटकोपरच्या पुढचे स्थानक विक्रोळी. तेथील विस्तीर्ण वसाहत ज्या उद्योगाने उभारली, त्या गोदरेज घराण्यातील अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास प्राण्यांच्या चरबीवाचून, वनस्पती तेलापासून अंगाचा साबण तयार केला. त्या काळी साबण म्हटला की चरबी हे समीकरण रूढ होते आणि अनेक भारतीय घरांना ते रुचत नव्हते. त्या अरुचीत अर्देशीरांनी मागणी ओळखली. पुढे रवींद्रनाथ टागोरांसारखी व्यक्ती या साबणाच्या जाहिरातीत झळकली.

दुसरा दाखला पुण्याचा. इंग्लंडमध्ये १९५९ साली लेडी म्यूरिएल डाउडिंग यांनी सुरू केलेल्या ‘ब्युटी विदाउट क्रुएल्टी’ या चळवळीची भारतीय शाखा डायना रतनागर यांनी १९७४ साली पुण्यात स्थापन केली. प्रसाधनांत कोणते प्राणिज घटक असतात, हे घरोघरी सांगण्याचे काम या संस्थेने वर्षानुवर्षे केले. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ साली बंदी आली, आणि त्याच वर्षी अशा चाचणीतून आलेल्या परदेशी प्रसाधनांची आयातही बंद झाली.

कप्प्यात काय ठेवावे

निरोगी त्वचेला फार थोडे लागते. अंगासाठी मसूर किंवा हरभरा डाळीचे पीठ, त्यात चिमूटभर वाळलेली हळद आणि चंदन. केसांसाठी शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी. कोरड्या त्वचेसाठी घाण्याचे खोबरेल किंवा तिळाचे तेल. शिकेकाईच्या शेंगा आणि रिठ्याची फळे यांतील सॅपोनिन हा घटक पाण्यात फेस करतो आणि तेलकटपणा काढतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, सुमारे ५ पीएचची असते. साधा साबण ९ ते १० पर्यंत जातो, म्हणून वारंवार साबणाने चेहरा धुतल्यास तो ओढल्यासारखा वाटतो.

पिठाचा विवेक येथेही पाळावा. दिगंबर परंपरेत दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस मानतात. मुंबईच्या दमट हवेत उटण्याच्या डब्यात जाळी धरण्यास वेळ लागत नाही. थोडेच दळावे, कोरडे ठेवावे आणि भिजवलेले त्याच वेळी संपवावे.

घरगुती उपायांनाही सीमा आहेत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते व डाग पडतात. खाण्याचा सोडा चेहऱ्यास लावू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास तीव्र आग होते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीत पीपीडी हा रंग असू शकतो आणि त्याने फोड येऊ शकतात. कोणतीही नवी वस्तू प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस थांबावे. मुरुमे, खाज किंवा चट्टे असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे.

गोरेपणाची किंमत

साधेपणाचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो गोरेपणाच्या क्रीमपाशी. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी १५ जणांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. कारण होते पारा. तो त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्यास अटकाव करतो, म्हणून चेहरा उजळतो. परंतु त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडाची हानी करतो. महाराष्ट्रातही अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ च्या सुमारास उघडकीस आले. दुसरा धोका स्टेरॉइडचा. स्टेरॉइडयुक्त मलमे काही दिवस उजळपणा देतात. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव येते आणि मलम थांबवताच आग होते.

उपनगरांतील सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारात अनेक जैन दुकानदार आहेत. त्यांच्या हाती पुष्कळ आहे. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नाही, जी परदेशी असून आयात नोंदणी क्रमांक दाखवत नाही, जी बिलावाचून येते, ती कितीही खपत असली तरी फळीवर ठेवू नये. त्या डबीतील नफा चार आण्यांचा असतो; ती घेऊन जाणारी मुलगी मात्र कोणाच्या तरी घरची असते.

आणि त्या मुलीला डबी घेण्यास कोण लावते, हेही पाहिले पाहिजे. विवाहाच्या बायोडेटात ‘वर्ण : गोरा’ असा रकाना अजून असतो. आई आपल्या सावळ्या मुलीसाठी तो भरताना अडखळते. मुलगी तिचे अडखळणे पाहते आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने सांगितलेले क्रीम मागवते. घरातील कप्पा कितीही आवरला, तरी हा रकाना जोवर छापला जातो तोवर साधेपणाचा भार एकट्या मुलीवरच पडणार. आनंद श्रावकाने आपला नियम स्वतःपुरता घेतला होता. हा नियम मात्र घराण्यांनी मिळून घ्यावा लागेल : यापुढे बायोडेटात वर्ण लिहावयाचा नाही आणि विचारावयाचाही नाही. येत्या संवत्सरीपूर्वी एखाद्या संघाने अथवा विवाह-मंडळाने एवढे ठरवले, तरी विलेपनाच्या नियमास खरा अर्थ येईल.