प्रकाशतंतूतील संकेतांचे नियमन : दिल्लीतील एका संशोधनाच्या निमित्ताने

स्थानिक दूरध्वनी केंद्रांना जोडणारी भारतातील पहिली प्रकाशतंतू-प्रणाली १९७९ मध्ये पुणे येथे कार्यान्वित झाली. त्या काळी संकेत क्षीण होऊ न देता पुढे पोहोचवणे हीच मुख्य अडचण मानली जाई. काचेतील अशुद्धी दूर केल्यास ही हानी घटवता येईल, असे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्येच दाखवले होते. आजच्या तंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला हानी किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबेल असते. म्हणजे १५ किलोमीटरनंतरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो. पुढे १९८७ मध्ये अर्बियमयुक्त तंतूचा विवर्धक सिद्ध झाला आणि प्रकाशाचे विद्युत्-संकेतात रूपांतर न करताच तो वाढवता येऊ लागला.

या यशातूनच दुसरी अडचण उद्भवली. तोवर जमिनीखाली घातलेले बहुतांश तंतू १३१० नॅनोमीटरसाठी योजलेले होते, तर हा विवर्धक १५५० च्या आसपास काम करतो. त्या तरंगलांबीला या तंतूंत अपस्करण होते. (हिंदी पाठ्यपुस्तके यासच 'विक्षेपण' म्हणतात. दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा येथे हमखास घोटाळा होतो.) प्रकाशाच्या प्रत्येक स्पंदात किंचित भिन्न तरंगलांबींचे घटक असतात. त्यांतील मोठ्या तरंगलांबीचे घटक मागे पडतात आणि स्पंद पसरत जातो. त्याचे माप एका नॅनोमीटरच्या फरकामागे प्रतिकिलोमीटर सुमारे १७ पिकोसेकंद आहे. संकेताची रुंदी ०.१ नॅनोमीटर धरली, तर १०० किलोमीटरवर स्पंद १७० पिकोसेकंदांनी पसरेल. सेकंदाला दहा अब्ज स्पंद पाठवताना प्रत्येकाच्या वाट्याला केवळ १०० पिकोसेकंद येतात. साहजिकच शेजारचे स्पंद एकमेकांत मिसळतात आणि संदेश वाचता येत नाही. विवर्धकाचा येथे काहीच उपयोग नाही, कारण तो मिसळलेला संकेतच मोठा करतो.

पुरलेली केबल उकरून काढणे अर्थातच परवडणारे नव्हते. मार्ग एकच उरत होता : वाटेत असा तंतू जोडावा, की ज्यात मागे पडलेले घटक पुढे सरकतील. हौज खास येथील आय.आय.टी. दिल्लीतील के. त्यागराजन, आर. के. वार्ष्णेय, पी. पलाई, अजय घटक व आय. सी. गोयल यांनी १९९६ मध्ये अशा तंतूची नवी रचना मांडली. तिचे कौशल्य साधेपणात आहे. मध्यभागी अधिक अपवर्तनांकाचा बारीक गाभा आणि त्याभोवती, काही अंतर सोडून, कड्यासारखा दुसरा गाभा. लहान तरंगलांबीचा प्रकाश आतील गाभ्यात राहतो, मोठ्या तरंगलांबीचा बाहेरील कड्याकडे वळतो. हे स्थलांतर तरंगलांबीच्या अगदी अरुंद पट्ट्यात घडते, म्हणूनच त्या पट्ट्यात तीव्र ऋण अपस्करण निर्माण होते. गणिताने त्याचे मूल्य १५५० नॅनोमीटरला उणे ५१०० इतके आले. याचा अर्थ, १०० किलोमीटर केबलची भरपाई या तंतूच्या एकतृतीयांश किलोमीटरने होऊ शकेल.

ही सैद्धांतिक मर्यादा होय, हे विसरता कामा नये. २००० साली फ्रान्समधील संशोधकांनी अशा द्विगाभा तंतूत उणे १८०० मोजले. शिवाय अपस्करण जितके तीव्र, तितका उपयुक्त पट्टा अरुंद; एकाच तंतूतून अनेक तरंगलांबी पाठवणाऱ्या यंत्रणेला तो पुरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, या संशोधनाचे महत्त्व आकड्यापेक्षा विचाराच्या दिशेत अधिक आहे. प्रकाशाचे नियमन बाहेरून एखादे उपकरण लावून न करता काचेच्या रचनेतच ते भरून ठेवता येते, ही ती दिशा.

२०१० नंतर लांब पल्ल्याच्या नव्या मार्गांवर ही भरपाई मुख्यतः ग्राहक-यंत्रातील अंकीय गणनेने होऊ लागली आणि भरपाई करणाऱ्या तंतूंची तेथील गरज ओसरली.