दाताची कीड आणि गुळणी



उसाच्या खोडकिडीत अळी असते. मेलेला पोंगा उपटून ती दाखवता येते. दाताच्या किडीत अळी नसते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतली की दातातली कीड पडते, असे जुनी माणसे सांगतात. पण पाडायला आत काही नसतेच. दात किडतो तो आम्लाने. दातावर जे चिकट कीटण साचते त्यात जंतू असतात. साखर, गूळ, बिस्कीट काहीही गोड खाल्ले की हे जंतू ते आंबवतात आणि आम्ल तयार होते. माती परीक्षणाच्या अहवालातला सामूचा रकाना आपण पाहतोच. तसाच तोंडाचाही सामू असतो. तो साधारण साडेपाचच्या खाली गेला की दाताचा वरचा कठीण थर विरघळू लागतो. लाळ त्याला पुन्हा वर आणते, पण अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्यात दुसरा चहा आला तर? हंगामात फडावर आणि काट्याच्या रांगेत चहाला काही गणती असते का! एका वेळी किती गोड खाल्ले यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ले, याला दाताच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे. साखर कारखान्याच्याच पत्रिकेत हे छापावे का, असे कोणी विचारील. छापावे. साखर आपण पिकवतो म्हणून आपल्या पोरांचे दात काही वेगळ्या मातीचे नाहीत.

आता गुळणीचे. चहानंतर साध्या पाण्याची चूळ भरायची आपली रीत चांगली आहे. तोंडातली साखर थोडीफार धुऊन जाते. कोमट मिठाच्या पाण्याने सुजलेल्या हिरड्यांना आराम पडतो, मात्र तेवढ्यानं कीड थांबत नाही. कडुनिंब, बाभळीची साल, पेरूची पाने, त्रिफळा यांचे काढे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. त्यांत तथ्य नाही असे नाही. कडुनिंब आणि त्रिफळा यांच्या चाचण्या झाल्या असून, त्यांत तोंडातले जंतू कमी झालेले दिसले. पण बहुतेक चाचण्या थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांच्या. दोन-तीन वर्षांनी दात कमी किडले का, याचा भक्कम पुरावा त्यातून मिळत नाही. एका वाफ्यावरून सगळ्या शिवाराचा उतारा कोणी काढत नाही, तसेच हे. लिंबू-मिठाची गुळणी मात्र नको. लिंबू हे आम्लच!

दुकानातल्या बाटल्याही सगळ्या सारख्या नसतात. औषधाची बाटली घेताना आपण घटक वाचतो, तसे इथेही वाचावे. क्लोरहेक्सिडिनची गुळणी हिरड्यांच्या आजारात दंतवैद्य थोड्या दिवसांसाठी देतात. जंतूंवर ती जोरकस आहे, पण जास्त दिवस वापरली तर दातांवर तपकिरी डाग पडतात, जिभेची चव बदलते. दाताच्या किडीसाठी ती रोज वापरावी असा पुरावा नाही. किडीवर खरा पुरावा आहे तो फ्लोराईडच्या गुळणीचा. कॉक्रेन या संस्थेने २०१६ साली मुलांवरच्या ३७ चाचण्या एकत्र तपासल्या. देखरेखीखाली नियमित गुळणी करणाऱ्या मुलांच्या पक्क्या दातांची कीड सरासरी २७ टक्क्यांनी कमी आढळली. रोजच्या गुळणीत सोडियम फ्लोराईड ०.०५ टक्के असते. ती घासण्याच्या वेळी न करता दुसऱ्या वेळी करावी, आणि नंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. सहा वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, ते गिळून टाकते.

गुळणी म्हणजे फवारणी समजा. खुरपणी न करता नुसती फवारणी करून कोणाचा प्लॉट साधला आहे? कीटण ब्रशनेच निघते. फ्लोराईडच्या पेस्टने दोन वेळा, विशेषतः रात्री झोपताना घासावे. घासून झाल्यावर थुंकावे, भरपूर पाण्याने चुळा भरून पेस्ट धुऊन टाकू नये. मिश्री आणि राखुंडी यांनी दात झिजतात. शिवाय मिश्री म्हणजे तंबाखूच, तिच्याने तोंडाचा कर्करोग होतो. आमच्या माता-भगिनींनी याकडे लक्ष द्यावे.

एक सावधगिरी. यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलातच फ्लोराईड जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर लहान मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग येतात. तेव्हा ज्यांच्या घरी पिण्याला बोअरचे पाणी आहे त्यांनी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे आणि मगच मुलांसाठी फ्लोराईडच्या गुळणीची बाटली आणावी.