खोकताना लघवी निसटते? उपाय आहे

गटाच्या बैठकीत पाळी जाण्याचा विषय निघाला, की अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप हे सगळं बायका बोलतात. एक गोष्ट मात्र सहसा कुणी काढत नाही. खोकलं, शिंकलं, हंडा उचलला, की लघवी निसटते. मग बाई लग्नाकार्याला जायचं टाळते, एसटीचा लांबचा प्रवास नको म्हणते, पाणीसुद्धा कमी पिते.

हे वयाचे भोग म्हणून सोसायचं कारण नाही. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाची पिशवी, आतडं यांना तिचा आधार. बाळंतपणात ती ताणली जाते आणि पाळी जायच्या वयात आणखी सैल पडते. "दिवसभर राबतो, आम्हाला कशाला व्यायाम?" असं तुम्ही म्हणाल. पण खुरपणी-धुण्याने ही झोळी घट्ट होत नाही, आणि जड ओझ्याचा दाब तर तिच्यावरच येतो.

तिचा व्यायाम वेगळा. योगातला मूलबंध याच्याच जवळचा. गुडघे दुमडून पाठीवर पडा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखतोय असं समजून ती जागा आत, वर ओढा. पाच आकडे मोजा, सैल सोडा, पुन्हा पाच मोजेपर्यंत थांबा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. चालू लघवी अडवून सराव करू नका. एकदा जमलं, की भाकरी थापताना, शेळ्या राखताना करा. कुणाला कळतही नाही! खोकला येतोय वाटलं, की आधी आवळा, मग खोका. गुण यायला तीन महिने लागतात, आठ दिवसांत कंटाळू नका.

वाफा मात्र आसनांनी हमखास थांबतात, असं मी सांगणार नाही. झोपेला, मनाला आराम पडतो, तेवढंही थोडं नाही.

लघवी निसटते म्हणून कुणी "पिशवी काढून टाका" म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका. गर्भाची पिशवी काढल्याने हा त्रास जात नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या इतक्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या आढळल्या, की 2019 साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

अंग बाहेर येत असेल, लघवीला जळजळ होत असेल तर दवाखान्यात दाखवा. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी व्यायाम करत बसू नका. कर्करोग नाही ना, हे तपासायला त्याच आठवड्यात जा. एकटीला संकोच वाटला, तर आशाताईंना सोबत घ्या.