एका चमच्यात मुंबई ते दिल्ली

चहाच्या चमच्यात काठोकाठ मध घेतला तर तो साधारण ७ ग्रॅम भरतो. खोकल्याला आलं-मधाचं चाटण, घसा धरला की हळद-मध, वजन उतरवायला सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध. घरोघरी माप एकच, चमचाभर. या ७ ग्रॅमचा हिशोब मांडून बघू.

कामकरी माशी एका खेपेत सुमारे ४० मिलिग्रॅम मकरंद आणते. तिचं स्वतःचं वजन जेमतेम १०० मिलिग्रॅम. मकरंदात पाणीच जास्त, त्यामुळे तो आटल्यावर एका खेपेतून मध उरतो २० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका चमच्यासाठी ३५० खेपा, आणि दर खेपेला पन्नास ते शंभर फुलं. किलोभर मधाला सुमारे ४४ लाख फुलं आणि दोन लाख किलोमीटर उड्डाण लागतं, असा ढोबळ अंदाज आहे. त्यातून चमच्याच्या वाट्याला ३१ हजार फुलं आणि १,४०० किलोमीटर येतात. मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे रेल्वेचं अंतर १,३८४ किलोमीटर! एक माशी जन्मभर राबून चमच्याचा बारावा हिस्सा मध करते, तेव्हा चमचा भरायला बारा माश्यांचं आयुष्य खर्ची पडतं. हे आकडे युरोपियन मेलीफेरा माशीचे आहेत. आपल्या सह्याद्रीतली सातेरी चणीने लहान, तिला खेपा आणखी जास्त.

आणलेला मकरंद अजून मध झालेला नसतो. पोळ्यातली माशी त्याचा थेंब सोंडेवर घेते, पसरते, गिळते, पुन्हा बाहेर काढते. तो घरात भरून झाला की बाकीच्या माश्या जोरजोरात पंख हलवून वारा घालतात. निम्म्याहून जास्त असलेलं पाणी अठरा टक्क्यांच्या जवळ आलं की त्या घरावर मेणाचं झाकण बसतं. मधपाळ याच झाकणांवरून मध पिकला की नाही ते ओळखतात.

मधाचा औषधी गुण बराचसा या आटवण्यात आहे. इतक्या कमी पाण्यात आणि इतक्या साखरेत जंतू वाढू शकत नाहीत; उलट त्यांच्याच अंगातलं पाणी मध ओढून घेतो. वर मधाची आम्लता ४ पीएचच्या आसपास. शिवाय माशीने मिसळलेलं एक विकर मधात निजून असतं. जखमेच्या ओलाव्याने मध पातळ झाला की ते जागं होतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करू लागतं. त्याचं प्रमाण औषधाच्या दुकानातल्या ३ टक्क्यांच्या बाटलीच्या सुमारे एक हजारांश, पण ते थोडं थोडं, सतत झिरपत राहतं.

याची पारख सोलापुरातही झाली. तिथले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली भाजलेल्या १०४ रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटनमधल्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात छापला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना त्या काळचं नेहमीचं चांदीयुक्त मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात ७ टक्के. पुढे २०१५ साली कोक्रेन संस्थेने मध आणि जखमांवरच्या २६ चाचण्या, ३,०११ रुग्ण एकत्र तपासले. मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, असं त्यांना दिसलं. इतर अनेक जखमांबाबत पुरावा अपुरा ठरला. दवाखान्यात वापरतात तो मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, फडताळातल्या बरणीतला नव्हे.

खोकल्याला मात्र बरणीतला मध चालतो. इस्रायलमध्ये एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना झोपण्यापूर्वी अर्धा तास १० ग्रॅम मध किंवा तसाच गोड खजुराचा अर्क दिला. २०१२ साली निकाल आला: मध घेतलेली मुलं रात्री कमी खोकली आणि बरी झोपली.

सकाळच्या लिंबू-मधाचा हिशोब मात्र उलटा निघतो. चमचाभर मधात सुमारे २१ किलोकॅलरी असतात, चमचाभर साखरेत १६. रोज एक चमचा म्हणजे वर्षाला अडीच किलो मध, एक कोटीहून जास्त फुलं, पाच लाख किलोमीटर उड्डाण. चंद्र आपल्यापासून ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. आणि वर्षभरात पोटात जातात साडेसात हजारांहून जास्त किलोकॅलरी. अंगावरच्या एक किलो चरबीत साठवण असते साधारण तेवढीच!

बाळाला मध चाटवायची रीत तर सोडूनच द्यावी. मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असतात. ते मोठ्यांच्या आतड्यात रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात आणि त्यांच्या विषाने स्नायू लुळे पडतात. उकळत्या पाण्याच्या १०० अंशांनाही ते दाद देत नाहीत. म्हणून वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा नको.

त्यापुढच्या वयात खोकल्याने झोप उडाली तर रात्री चमचाभर मध खुशाल घ्यावा. मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारून. पण खोकला दोन आठवडे उलटून गेले तरी हटत नसेल तर बरणी ठेवून द्यावी आणि सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाच्या जंतूंवर बारा माश्यांच्या जन्माची कमाई चालत नाही.