माळ्यावरील करवत व कुऱ्हाड : पारख, दुरुस्ती आणि उपयोग

कोकणातील बहुतेक जुन्या घरांच्या माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला दोन माणसांनी ओढावयाची एखादी लांब करवत, बिनदांड्याची दोनतीन कुऱ्हाडींची पाती आणि एक जड पहार अजूनही पडलेली आढळते. घराची डागडुजी निघाली म्हणजे ही हत्यारे प्रथम अंगणात येतात व तेथून किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जातात. यंत्राची करवत गावोगाव आल्यापासून या लोखंडाचा आता काय उपयोग, असे आम्हांसही वाटत असे. ही समजूत चुकीची होती हे आम्हांस एका वादळाने शिकविले. तो अनुभव व त्यानंतर मिळविलेली माहिती आमच्या बागायतदार बंधूंपुढे ठेवावी, या हेतूने हा लेख लिहीत आहो.

ता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळले. एका दुपारीत पिढ्यान् पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, हे वाचकांस विदित आहेच. आमच्या वाडीच्या वाटेवर एक जुना रायवळ आंबा मुळासकट उलटला होता. वीज नव्हती, रस्ते बंद होते, टाळेबंदीमुळे दुकाने उघडत नव्हती. गावात यंत्राच्या करवती दोन होत्या. पैकी एकीची साखळी तुटली होती आणि दुसरीस तेल नव्हते. तेव्हा आजोबांच्या वेळची मोठी करवत माळ्यावरून काढली. दोन धट्टेकट्टे गडी तिच्यावर घाम गाळीत बसले. परंतु तासाभरात चार बोटेही छेद गेला नाही. करवत लाकडात अडकत होती आणि बाहेर येत होता तो केवळ पिठासारखा भुसा.

शेवटी शेजारच्या वाडीतील एका वृद्ध सुतारास बोलाविले. त्यांनी दातांवरून अंगठा फिरविला व म्हणाले, "भाऊ, हिचे दात कापणारे राहिले नाहीत, फाडणारे झाले आहेत. कोणाकडे दिली होतीत?" काही वर्षांपूर्वी ती एका कारखान्यात धार लावण्यास दिली होती हे आम्हांस तेव्हा आठवले. त्या कारागिराने सर्व दात फिरत्या चाकावर सरसकट चौकोनी घासून दिले होते. सुतारांनी ओटीवर बसून दीड दिवस कानशीने एकेक दात नव्याने काढला. तिसऱ्या दिवशी त्याच दोन गड्यांनी त्याच करवतीने तो आंबा दुपारपर्यंत पाच ठिकाणी कापला. हत्यार तेच व हात तेच. फरक होता तो केवळ दातांचा.

हा फरक कशाने पडतो, हे नीट समजून घेतले पाहिजे. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी होय. फळ्या पाडण्यासाठी उभे चिरताना दात छिनीसारखा असावा लागतो. तो तंतूंच्या टोकास तासत जातो. खोड आडवे छेदताना मात्र तंतू तोडावयाचे असतात. म्हणून तेथे दात सुरीसारखा, दोन्ही कडांस तिरपा घासलेला व टोकदार असावा लागतो. शिवाय दात एकाआड एक डावीकडे व उजवीकडे किंचित वाकविलेले असले म्हणजे छेद पात्याहून थोडा रुंद पडतो व करवत अडकत नाही. आमच्या करवतीचे हे दोन्ही गुण गेले होते.

आपल्याकडील करवतीस बहुधा साधे त्रिकोणी दात असतात. कठीण व वाळलेल्या लाकडास ते योग्यच आहेत. अमेरिकेतील जंगलांत ज्या मोठ्या करवती चालत, त्यांस मात्र कापणाऱ्या दातांच्या मधून मधून एक खरवडणारा दात असे. कापणारे दात दोन बाजूंनी तंतू तोडीत व खरवडणारा दात मधला भाग उचलून शेवयांसारख्या लांब सळ्यांच्या रूपाने बाहेर काढी. हा दात इतरांहून इंचाच्या काही हजारांश भागांइतकाच आखूड ठेवावा लागतो. तो लांब राहिला तर तंतू तुटण्यापूर्वीच उपटले जातात व सळीच्या कडेस केस निघतात; फार आखूड झाला तर नुसती भुकटी पडते. आपली करवत बरी आहे की वाईट, हे बाहेर पडणारा भुसाच सांगतो.

ही विद्या तिकडे अद्यापि जिवंत राहिली, त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे. अमेरिकेत सन १९६४ मध्ये राखीव अरण्यांसंबंधी कायदा झाला व त्या अरण्यांत मोटारयंत्रे वापरण्यास सामान्यतः बंदी झाली. त्यामुळे वाटेवर पडलेली झाडे कापण्यासाठी तेथील वनखात्याच्या लोकांस जुन्या करवतीच जवळ कराव्या लागल्या. त्या खात्यातील वॉरेन मिलर यांनी करवत पारखणे, घासणे व राखणे यांविषयी लिहिलेली पुस्तिका सन १९७७ मध्ये खात्याने प्रसिद्ध केली. ती आजही प्रमाण मानली जाते. जाणते लोक तेथे नव्या करवतीपेक्षा जुनी शोधून घेतात. कारण चांगल्या जुन्या करवतीचे पाते दातांकडे जाड व पाठीकडे पातळ होत गेलेले असे. नव्या पुष्कळशा करवती सरसकट एकाच जाडीच्या पत्र्याच्या असतात व त्या खोडात लवकर आवळल्या जातात.

आता पारखीविषयी. माळ्यावरील अथवा बाजारातील जुनी करवत पाहताना गंजाने घाबरून जाऊ नये. वरवरचा तांबूस गंज निघतो. परंतु दातांच्या ओळीत गंजाने खड्डे पडले असल्यास ती करवत घेऊ नये, कारण तेथे टोक टिकत नाही. पाते डोळ्यासमोर धरून पाठीवरून नजर टाकावी, म्हणजे बाक व मुरड दिसून येते. दात किती उरले आहेत ते पाहावे; घासून घासून बुटके झालेले दात भुसा साठवू शकत नाहीत. कुऱ्हाडीच्या बाबतीत नेढ्याभोवती बारीक चीर आहे काय हे प्रथम पाहावे. तुंबा हातोडीप्रमाणे वापरून चेपला असेल, तर नेढेही बहुधा वाकडे झालेले असते. मग धारेवर कानस ओढून पाहावी. कानस थोडी लागली तर पोलाद ठीक. लोण्यासारखी लागली तर त्याचे पाणी उतरले आहे, आणि मुळीच न लागता घसरली तर धार ठिसूळ आहे, असे समजावे.

गंज काढण्यास रॉकेल किंवा डिझेल लावून पाते रात्रभर ठेवावे व दुसऱ्या दिवशी सपाट दगडाने अथवा लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळलेल्या पॉलिश कागदाने लांबीच्या दिशेने घासावे. करवतीच्या दातांचे काम क्रमानेच करावे. प्रथम सर्व दातांच्या टोकांवरून सपाट कानस लांबवर ओढून ती एका उंचीत आणावी. एक दात जरी वर राहिला तरी सारा भार त्याच्यावर येतो. नंतर एकेक दात दोन्ही कडांनी घासून टोकास आणावा, व टोक येताच हात थांबवावा. सर्वांत शेवटी दात एकाआड एक वाकवावे, तेही फक्त टोकाकडील भागात आणि सर्व सारखे. बुडापासून वाकविल्यास दात मोडतो.

येथे आमची एक चूक कबूल करणे प्राप्त आहे. करवतीच्या यशाने हुरूप येऊन आम्ही एक जुनी कुऱ्हाड विजेच्या चाकावर धरली. ठिणग्या उडाल्या, धार चकाकली आणि तिच्या कडेवर मोरपिसासारखा निळा रंग चढला. तो रंग पाहून आम्ही खूष झालो; पण पहिल्याच गाठीवर धार कागदासारखी दुमडली. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले म्हणजे हा निळा रंग येतो व धारेचे पाणी उतरते. पुढे ओल्या दगडावर हाताने घासून तो निळा भाग काढून टाकण्यात आमचे चार दिवस गेले व पाते बोटभर कमी झाले. म्हणून आमचे सांगणे असे की, कुऱ्हाड हातानेच कानशीने व पाण्याच्या दगडावर पाजवावी. निदान दर घासणीनंतर ती पाण्यात बुडवावी.

दांड्यासाठी धामण व तिवस ही लाकडे उत्तम. धामणीच्या अंगी लवचिकपणा असल्याने हातास हिसका कमी बसतो. लाकूड पूर्ण वाळलेले असावे, कारण ओला दांडा पुढे आकसतो व कुऱ्हाड सैल होते. दांड्याच्या टोकावर दिसणाऱ्या तंतूंच्या रेषा पात्याच्या दिशेने असाव्या, आडव्या नसाव्या. ज्या कुऱ्हाडीत दांडा खालून ठोकावयाचा असतो, तिला वरून सुक्या लाकडाची पाचर मारावी. सैल कुऱ्हाड पाण्यात बुडवून काम भागविण्याची सर्वत्र चाल आहे, ती सोडावी. फुगलेले तंतू नेढ्यात चेपतात व वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा अधिक सैल होतो. दांड्यास रंग न देता वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळावे.

हत्यार सुधारले तरी पडलेल्या झाडाचा स्वभाव ओळखल्याशिवाय त्यास हात लावू नये. खोड दोन्ही टोकांवर टेकून मधे अधांतरी असेल, तर त्याची वरची बाजू दाबलेली व खालची ताणलेली असते. वरून कापताच छेद मिटतो व करवत पकडली जाते. तेव्हा करवत थोडी आत जाताच तिच्यामागे पाचर मारावी. एकच टोक टेकलेले असेल, तर याच्या उलट. आधी खालून थोडे कापून मग वरून कापावे. उलटलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा हा सर्वांत मोठा धोका होय. आमचा आंबा बुंध्याजवळ कापला जाताच खोडाचे वजन सुटले आणि मातीने भरलेला तो प्रचंड गड्डा धाडकन उभा राहून आपल्या खड्ड्यात बसला. काही क्षणांपूर्वी आमचा एक गडी त्याच खड्ड्यात उतरून मुळे तोडीत होता. पाणी पिण्यास वर आला म्हणूनच वाचला. त्या दिवशी आम्ही कोणीही जेवलो नाही. तेव्हापासून बुंधा कापताना खड्ड्याच्या बाजूस मनुष्य, मूल अथवा गुरू राहू द्यावयाचे नाही, असा आम्ही नियमच केला आहे.

आणखी एक सूचना. हत्यार आपले असले व झाडही आपल्या जमिनीतील असले, तरी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीतील साग, खैर, आंबा, फणस, चिंच, ऐन, किंजळ इत्यादी झाडे तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. वादळात पडलेल्या झाडांचा पंचनामा होण्यापूर्वी ती कापून हलविल्यास भरपाईच्या कामीही अडचण येते. केवळ वाट मोकळी करण्यापुरते कापावे व बाकीचे पंचनाम्यापर्यंत राहू द्यावे.

यंत्राची करवत टाकून द्यावी, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. नित्याच्या मोठ्या कामास तीच परवडते. परंतु मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेले तेव्हाही वीज व इंधन यांची तीच अडचण पडली, आणि अशी वादळे पुन्हा येणार नाहीत असे कोण म्हणेल? म्हणून प्रत्येक गावच्या मंडळाने पावसाळ्यापूर्वी एक मोठी करवत, दोन कुऱ्हाडी, चार पाचरी व एक पहार नीट पाजवून, तेल लावून आपल्या गोदामात टांगून ठेवावी. त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे दात काढण्याची कला जाणणारा जो कोणी वृद्ध कारागीर गावात असेल, त्याच्याजवळ दोन तरुणांस चार दिवस बसवावे. आमच्या करवतीचे दात ज्यांनी काढले, त्यांची दृष्टी आता पुष्कळ मंदावली आहे. आमचा थोरला मुलगा गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या ओटीवर कानस घेऊन बसला होता. त्याने काढलेल्या दातांवर अंगठा फिरवून त्यांनी अर्धे पुन्हा काढावयास सांगितले आहेत.