आजाराला क्रमांक देणारी माणसं

चंदीगडच्या पीजीआयमध्ये पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयात रुग्ण घरी गेला तरी त्याच्या फाइलचं काम संपत नाही. ती मेडिकल रेकॉर्ड विभागात जाते आणि आजाराला क्रमांक, म्हणजे कोड, देणारा कोडर ती उघडतो. या कामाबद्दल बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज : ही नुसती डेटा एन्ट्री आहे.
वस्तुस्थिती : कोडर फाइल पानन्‌पान वाचतो. आजी घसरून पडल्या आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं, तर आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात दोन कोड लागतात : मोडलेल्या हाडाचा एस७२.० आणि घसरून पडण्याचा डब्ल्यू०१. दुसरा राहिला, तर हाड कशानं मोडलं हे आकडेवारीत कधीच दिसत नाही.

गैरसमज : कोड फक्त बिलासाठी असतात.
वस्तुस्थिती : आयसीडी वर्गीकरणाचं मूळ १८९३ साली जॅक बर्तियाँ यांनी शिकागोत मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत आहे. बिलासाठी आयुष्मान भारत योजनेच्या उपचार-पॅकेजांचे कोड वेगळेच असतात. आयसीडीचा खरा उपयोग मोजणीसाठी. चंदीगड परिसरात पीजीआय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी २०१३मध्ये कर्करोग नोंदणी सुरू केली. स्तनाच्या कर्करोगाला सी५०, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला सी५३ हे कोड सगळीकडे एकच असतात, म्हणून तर चंदीगडचे आकडे मुंबईच्या शेजारी ठेवून पाहता येतात.

गैरसमज : रिपोर्ट पाहून कोडर निदान ठरवतो.
वस्तुस्थिती : तो अधिकार डॉक्टरांचाच. रक्ततपासणीत डेंग्यू दिसतो, पण डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘ताप’ लिहिलेलं असतं, तेव्हा कोडरला डॉक्टरांना विचारावं लागतं. विचारलं नाही, तर तो रुग्ण ‘कारण न कळलेला ताप’ म्हणून मोजला जातो आणि डेंग्यूचा आकडा एकानं कमी होतो.

मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यावर तर नेमकं निदान लिहायला फारच जपावं लागतं. ‘हृदय बंद पडलं’ एवढंच लिहून भागत नाही. ते प्रत्येकाचंच बंद पडतं. मधुमेहानं मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर मूळ कारण म्हणून मधुमेहच नोंदला गेला पाहिजे.

गैरसमज : एकदा शिकलं की झालं.
वस्तुस्थिती : २०२०मध्ये कोविडसाठी नवे कोड आले : तपासणीत विषाणू सापडला तर यू०७.१, लक्षणांवरून निदान केलं तर यू०७.२. १ जानेवारी २०२२पासून जागतिक पातळीवर पुढची आवृत्ती, आयसीडी-११, लागू झाली. चंदीगडला लागूनच असलेल्या मोहालीत केंद्र सरकारचं आरोग्य-सांख्यिकी प्रशिक्षण केंद्र आहे. नोकरीतली माणसंही तिथे हे वर्गीकरण शिकायला पुन्हा वर्गात बसतात.